बशीएवढी फट

दोन हजार बावीस साली मी शहात्तर वर्षांचा होतो, आणि शहात्तर वर्षांत मी कुणाला मानलं नव्हतं. लालबागचा माणूस सहसा कुणाला मानत नाही, त्यात मी डंखाचा, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीचा मालक, त्यात शाळा चौथीत सोडलेली, म्हणजे मानायची सवय लावणारं कोणी भेटलंच नाही. तरी आज सांगतो, आणि लिहूनच ठेवतो म्हणजे नंतर शब्द फिरवता येणार नाही: मूठभर वस्तू हवेत सोडावी आणि तिचा कण अन् कण आपापल्या जागी जाऊन बसावा, ही विद्या आमच्या व्याह्यांइतकी ह्या मुंबईत कुणाला आली नाही आणि येणारही नाही. ज्याला पटत नसेल त्याने डंखावर येऊन माझ्याशी वाद घालावा. दुपारचा मी झोपतो, तेवढी वेळ सोडून.

व्याही म्हणजे माझ्या धाकट्या लेकीचे सासरे. राहायला गिरगावात, तिसऱ्या मजल्यावर. जन्म गेला फोर्टातल्या एका बंदुकांच्या दुकानात, मागच्या खोलीतल्या टेबलाशी, काडतुसं भरण्यात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही ठाऊक नव्हतं. बंदूक दोन जातींची. एक गोळीची, तिच्यातून एकच गोळी सुटते, लागली तर लागली, नाही तर राम राम. दुसरी छर्‍यांची, तिच्या काडतुसात मोहरीसारखे बारीक शिशाचे दाणे असतात, बार उडाला की सगळे एकदम निघतात आणि जाता जाता पसरत जातात. किती पसरावे, कसे पसरावे, हे काडतूस भरणाऱ्याच्या हातात. हल्ली काडतुसं कारखान्यातून भरूनच येतात, पण व्याह्यांना ती चालत नाहीत. “खानावळीचं जेवण आहे ते,” म्हणतात. “पोट भरतं.” ते निवृत्त झाले तरी दुकानाच्या सेठने ते टेबल त्यांच्यासाठी तसंच ठेवलं होतं. सगळं रीतसर, परवान्याने, आणि बंदुकीच्या दारूचा कणसुद्धा दुकानाबाहेर न्यायचा नाही हा त्यांचा स्वतःचा कायदा, सरकारच्या कायद्याहून कडक. घरी ते फक्त विचार करायचे. पण विचारच एवढा करायचे की गिरगावातल्या दोन खोल्या त्याला पुरायच्या नाहीत.

ह्या विचाराचं मूळ त्यांच्या बंदुकीत होतं. वडिलांच्या वेळची दुनळी. तिच्या दोन्ही नळ्या तोंडाशी आवळलेल्या, म्हणजे लांबच्या पाखरासाठी केलेल्या. व्याही पाखरं मारत नाहीत. एक तर बंदी आहे, आणि दुसरं म्हणजे ह्या माणसाला बाजारातून आणलेला बांगडासुद्धा बायकोने साफ करून द्यावा लागतो. ते मारायचे तबकडी. समुद्राकाठच्या नेमबाजीच्या रेंजवर यंत्रातून एक मातकट तबकडी उडवतात, बशीएवढी, उपड्या पणतीसारखी फुगीर, ती हवेत असताना फोडायची. ती फार लांब नसते. जवळच्या मारावर आवळलेल्या नळीतले छर्रे मुठीसारखे एकगठ्ठा जातात, आणि तबकडी बाजूने हसत निघून जाते. लोकांनी सांगितलं, बंदूक बदला. ह्यांनी विचारलं, वडील बदलू काय? बंदूक तीच ठेवली आणि काडतूस बदलायला घेतलं. आवळलेल्या नळीतून बाहेर पडूनही छर्रा मोकळा पसरला पाहिजे, ह्या एका गोष्टीमागे ह्या माणसाने आयुष्य घातलं. मी डंखावर मिरची कुटण्यात आयुष्य घातलं, म्हणून मला त्यात वेडेपणा दिसत नाही. ज्यांनी कशातच घातलं नाही ते हसतात.

आमची पहिली ठिणगी उडाली ती लग्नातच. दादरला कार्यालय घेतलं होतं. पहिलं मंगलाष्टक झालं, लोकांनी नेहमीसारख्या अक्षता हाणल्या, आणि मुलाच्या बापाने, म्हणजे ह्यांनी, सरळ जाऊन भटजींच्या हातातला माईक घेतला. मला वाटलं मानपानाचं काहीतरी राहिलं. ते शांतपणे म्हणाले, “मंडळी, अक्षता मारू नका. मूठ उघडी ठेवा, तळवा वर, आणि मनगट शेवटी सोडा. दाणा सुटा सुटा गेला पाहिजे. पोरांच्या अंगावर पाऊस पडू दे, दगड नको.” आणि माईक परत. लग्न माझ्या मुलीचं, कार्यालय मी घेतलेलं, तांदूळ माझा, आणि शिकवतोय हा. मी ठरवलं, कोणी ऐकणार नाही. पण दुसऱ्या ‘सावधान’ला सगळ्या मांडवाने मूठ उघडली, आणि काय सांगू, त्या अक्षता खाली आल्याच नाहीत पटकन. पंख्याच्या वाऱ्यात क्षणभर वरच राहिल्या, सारख्या, जशी मच्छरदाणी टाकावी तशा, आणि मग सगळ्या मिळून उतरल्या. नवरा-नवरीने वर बघितलं. भटजी पुढचा श्लोक विसरले. माझी बायको तिच्या बहिणीला म्हणाली, “आज कायतरी येगळाच झाला गो.” माझी मूठ तेव्हा बंद होती, आणि रिकामी. मी त्यांचं ऐकायचं नाही म्हणून अक्षता खिशात टाकल्या होत्या.

लग्नानंतर आठवडाभरात ते लालबागला आले आणि उरलेल्या लग्नपत्रिका मागितल्या. मला वाटलं, त्यांचे कोणी नातेवाईक राहिलेत, आपली पत्रिका दाखवायची असेल. मी अभिमानाने गठ्ठा दिला. ती पत्रिका मी निवडली होती. छापखान्यात एकेक पुठ्ठा कानाशी वाकवून, आवाज ऐकून. वर्षभराने कळलं की छर्रे पसरावेत म्हणून त्यांच्या मध्ये पुठ्ठ्याच्या बारीक कातरणी लागतात, आणि माझ्या लेकीची पत्रिका त्यात चालली होती. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ रोज समुद्रावर उडत होतं. मी तावातावाने विचारलं, तर म्हणाले, “फार कडक नको, फार मऊ नको, असा पुठ्ठा मी वीस वर्षं शोधत होतो. तुम्हाला कान आहे, व्याहीबुवा.” मला कान आहे हे माझ्या बायकोनेसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

त्यांच्या घरी जेवायला बसणं म्हणजे परीक्षा असते. पोह्यांवर शेव घालायची तर ती तेच घालणार. विहीणबाईंनी घातली तर बशी उचलून डोळ्यांजवळ नेणार आणि म्हणणार, “मध्ये डोंगर, कडेला वाळवंट.” स्वतः घालतील तेव्हा पोह्याच्या प्रत्येक घासाला शेव आणि एकाही घासाला दोन जास्त नाहीत. खोबरं, कोथिंबीर, उपासाच्या खिचडीवरचं दाण्याचं कूट, सगळं तसंच. विसर्जनाला त्यांच्या वाडीतली पोरं गुलालाची परात घेऊन वर येतात आणि त्यांना खाली नेतात, कारण ह्यांनी उधळला की गुलाल सगळ्यांना लागतो आणि कोणाच्या डोळ्यात जात नाही. माझ्या डंखावर मिरचीच्या ठसक्यात भलेभले नाक धरून पळतात, हे आले ते मात्र चाळणीखाली पडणारं तिखट बघत उभे. बराच वेळ बघून म्हणाले, चाळणीचा डावीकडचा कोपरा बुजलाय. मी म्हटलं, मी तीस वर्षं चाळतोय. ते गेल्यावर बघितलं, तर बुजला होता. ते त्यांना अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळलं तर कळलं.

एवढं असून आमच्यात एक अढी होतीच, दसऱ्याची. दसऱ्याला सोनं द्यायला कोणी कोणाकडे जायचं? ते मुलाचे वडील, म्हणजे नात्याने वर. त्यांच्याकडे मी जावं. मी वयाने चार वर्षं मोठा; माझ्याकडे त्यांनी यावं. ते गिरगावात नवीन सदरा घालून बसायचे, मी लालबागला नवीन सदरा घालून बसायचो, आणि माझी लेक आणि जावई आपट्याची पानं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेऊन पोचवायची. लेक म्हणायची, “बाबा, तुम्ही दोघं सारखेच आहात.” मी म्हणायचो, सारखे कसे, मी मोठा आहे.

मग चादरीचं प्रकरण झालं. रुखवतात आम्ही पांढऱ्याशुभ्र चादरींची एक जोडी केली होती, कडेने माझ्या बायकोने स्वतः फुलं भरलेली. एक चादर लेकीबरोबर दिली, एक घरी ठेवली. काही वर्षांनी लेक बोलता बोलता म्हणाली की तिच्या चादरीला भोकं पडली आहेत. कसर लागली काय, विचारलं, तर म्हणे, “नाही, मामंजींनी विचारून घेतली, रेंजवर टांगायला. मीच हो म्हटलं.” छर्रे किती पसरतात ते बघायला समोर पांढरं काहीतरी टांगून त्याच्यावर बार काढावा लागतो, तर ह्यांनी माझ्या बायकोच्या फुलांवर बार काढला. मी चप्पल घातली आणि तसाच गिरगावला गेलो. जिने चढतानाच काय बोलायचं ते जुळवलं होतं. विहीणबाईंनी चहा आणला. व्याह्यांनी ती चादर आणून लादीवर अंथरली. कडेची फुलं सगळी शाबूत होती. मध्ये भोकं, मोठ्या गोल घेरात, चंद्राला खळं पडावं तशी.

“तुमची चादर आहे, हक्क तुमचा,” ते म्हणाले. मग माझ्या कपाखालची बशी काढून माझ्या हातात दिली. “तबकडी एवढीच असते. जिथे बशीखाली एकही भोक येणार नाही, अशी जागा ह्या घेरात दाखवा. मग तुम्ही बोलाल ते मी ऐकतो.”

मी गुडघ्यांवर बसलो. बशी इकडे ठेवली, तिकडे ठेवली. उपडी ठेवली, काठाकाठाने सरकवली. मी हट्टी माणूस आहे, चहा निवला, त्यावर साय आली, विहीणबाईंनी तो नेऊन परत गरम केला, तरी मी त्या चादरीवर रांगत होतो. फट नव्हती. एवढा मोठा घेर, एवढे बारीक दाणे, एका क्षणात सुटलेले, आणि त्यात बशीएवढी जागा देवाने की ह्या माणसाने मोकळी सोडली नव्हती. मी भांडायला आलो होतो ते विसरूनच गेलो. ते खुर्चीत बसून म्हणाले, “पसरणं सोपं असतं, व्याहीबुवा. कोणीही पसरतो. पसरून विरळ न होणं, तेवढंच शिकायला जन्म लागतो.” मी ती चादर घडी करून काखेत मारली आणि घरी आणली. डंखाच्या मागच्या खिडकीला लावली. दुपारचं ऊन आलं की तिच्या भोकांतून बारीक बारीक उजेड आत येतो, त्यात मिरचीची धूळ तरंगते, आणि भिंतीवर सगळं आभाळ उमटतं. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी सांगतो, आमच्या व्याह्यांची सही.

आता रेंजवरची रीत सांगायला हवी. खंडेनवमीला मी जसा माझ्या डंखाला हळदकुंकू वाहतो, माळ घालतो, तशी तिथे बंदुकांची पूजा होते. नारळ फुटला की मोसमातली पहिली तबकडी सगळ्यांत वयस्क सभासदाने फोडायची. एकच तबकडी, एकच बार. हा मोठा मान. लोक म्हणतात ती तबकडी आजपर्यंत चुकलेली नाही. करोनाची दोन वर्षं रेंज बंदच होती, त्यात दोन म्हातारे सभासद गेले, आणि मान चालत व्याह्यांकडे आला.

पण त्याच दोन वर्षांत त्यांचा हात गेला. गेला म्हणजे हलायला लागला. विहीणबाईंनी मला नंतर सांगितलं, त्यांना पहिल्यांदा कळलं ते पोह्यांवरून. शेव एका बाजूला पडली. ते घालत असताना पडली. त्यांनी बशी हळूच फिरवून आपल्याकडे घेतली आणि खाऊन टाकली. मग कप हलायला लागला, मग सदऱ्याची बटणं. बंदुकीच्या परवान्याची मुदत बावीसच्या वर्षअखेर संपत होती आणि नव्याने करायचा तर डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरने तोंडावर सांगितलं, दाखला मी देणार नाही, काका. व्याह्यांनी वाद घातला नाही. खंडेनवमीला पहिली तबकडी फोडायची आणि तिथल्या तिथे दुनळी सेठच्या ताब्यात द्यायची, असं त्यांनीच ठरवलं. आधीच का देत नाही, मी विचारलं. ते म्हणाले, “बंदूक जाणारच आहे. मान घेऊन ठेवायची की मान खाली घालून, एवढंच माझ्या हातात उरलंय.” आणि हाताकडे बघितलं. मीही बघितलं, आणि मग आम्ही दोघांनी दुसरीकडे बघितलं.

नवरात्र बसायच्या आधी ते डंखावर आले. हात हलतो तर नेम हलणार. नेम हलला तरी तबकडी घेरात यावी एवढा मोठा घेर करायचा, असा त्यांचा बेत होता. तसली दोनच काडतुसं भरली होती, एक बघायला आणि एक त्या दिवसासाठी, कारण पत्रिका एकच उरली होती. गणपतीच्या तसबिरीमागे जपून ठेवलेली ती शेवटची पत्रिका सगळीच्या सगळी त्यांनी दोन्हींत कातरून घातली होती. आता बघायला चादर हवी होती. मला मागायला त्यांना जड जात होतं, ते नुसतेच चाळणीकडे बघत राहिले. मी बायकोला न विचारता कपाटातून जोडीची दुसरी चादर काढून दिली.

दोन दिवसांनी मला गिरगावला बोलावणं आलं. चादर लादीवर अंथरलेली होती. मी असा घेर बघितला नव्हता. छर्रे पार माझ्या बायकोच्या फुलांपर्यंत गेले होते. व्याही खुर्चीत पोरासारखे पुढे सरकून बसले होते. “बघा,” म्हणाले, “केवढा.” विहीणबाईंनी चहा ठेवला. मला तर हा खेळ त्यांनीच शिकवलेला. मी कप लादीवर ठेवला, बशी घेतली आणि खाली बसलो. शोधावं लागलंच नाही. पहिल्याच जागी बशीखाली काही नव्हतं. मी सरकवली. तिथेही नव्हतं.

“इथे फट आहे,” मी म्हटलं.

“एखादी राहते.”

“इथेपण आहे.” मी बशी आणखी एकदा उचलून ठेवली. “तुम्हीच सांगितलं होतं मला, पसरून विरळ न होणं…”

“सांगितलं होतं,” ते म्हणाले. “तेव्हा हात माझा होता.”

मी बशी कपाखाली ठेवली. माझ्यासारख्याला सांगायची गरज होती असं नाही. त्यांनी ती चादर माझ्याआधी शंभरदा बघितली असणार. दाट बार घ्यावा तर हात हलला की सगळाच बाजूने जाणार, आणि मोठा घ्यावा तर तबकडी मधून जाणार. दोन्हीकडे खड्डा. त्यांनी मोठा खड्डा निवडला, जिथे निदान एखादा छर्रा भेटायची आशा होती. चहा पिऊन मी उठलो. जाताना विचारलं, मी आलो तर चालेल का रेंजवर? म्हणाले, “तुम्हीच धरून न्या मला.”

खंडेनवमीला डंखाची पूजा मी पहाटेच उरकली आणि त्यांना टॅक्सीने घेऊन गेलो. टेबलावर बंदुका ओळीने मांडलेल्या, झेंडूच्या माळा, गूळ-खोबऱ्याची वाटी. सेठ आले होते, परवान्याचे कागद घेऊन, पण ते त्यांनी सदऱ्याच्या आत ठेवले होते, दिसू नयेत म्हणून. टोप्या घातलेले पाच-सहा म्हातारे होते. त्यातल्या एकाने चेष्टा केली, “काय, आज आभाळच पाडताय वाटतं.” रेंजच्या सेक्रेटरीने एक कारखान्याचं काडतूस हळूच पुढे केलं, काका, हे घ्या, ह्याने हमखास. व्याह्यांनी ते घेतलं, नमस्कार केल्यासारखं कपाळाला लावलं, आणि परत त्याच्या हातात दिलं. मग आपलं काडतूस नळीत घातलं.

बंदूक खांद्याला लागली. नळीवर झेंडूची एक पाकळी चिकटून राहिली होती, तीच मला दिसत होती, कारण ती थरथरत होती. त्यांनी आवाज दिला, तबकडी सुटली, बार झाला. समुद्राच्या वाऱ्यावर माझ्या लेकीच्या पत्रिकेचे तुकडे भिरभिरले. तबकडी हवेत एकदा डगमगली, तिच्या कडेला चिमूटभर धूळ उडाली, आणि ती तशीच पुढे जाऊन गवतात पडली.

“फुटली,” सेक्रेटरी म्हणाला. त्याच्या मागोमाग सगळे म्हणाले, फुटली, फुटली, धूळ दिसली, आणि टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या. मला आजही वाटतं, तिथल्या कुणाला खोटं बोलायचं नव्हतं. सगळ्यांना ती फुटायला हवी होती एवढंच. व्याह्यांनी बंदूक मधून उघडून टेबलावर ठेवली आणि ते गवतात चालत गेले. हळूहळू गेले. वाकले, तबकडी उचलली, फिरवून बघितली, आणि तेवढंच अंतर परत चालत आले. टाळ्या त्या मधल्या वेळात आपोआप विरल्या. त्यांनी तबकडी सगळ्यांसमोर धरली. अख्खी होती. कडेला एका छर्‍याचा ओरखडा.

“धूळ उडाली,” ते म्हणाले. “फुटली नाही.”

सेक्रेटरी म्हणाला, “काका, आजच्या दिवशी कोण बघतंय?”

“मी बघतोय ना.”

मी शहात्तर वर्षं जगलो, संप बघितले, दंगल बघितली, मोठमोठे लोक लालबागच्या रस्त्यावरून हार घालून गेलेले बघितले. एवढा उंच माणूस बघितला नव्हता. आणि ते उंचीने माझ्या कानापर्यंत येतात. त्यांनी स्वतःच वयाने मागच्या सभासदाला पुढे केलं, मोसम असा सुरू होत नाही म्हणाले. त्याने कारखान्याच्या काडतुसाने तबकडी फोडली, पार चुरा, आणि पहिली टाळी ह्यांनी वाजवली. मग सेठना म्हणाले, काढा ते कागद, उकडत असेल तुम्हाला. सही करताना हात हलत होता म्हणून सेठने कागद धरला.

मी तोवर गवतात गेलो होतो. पत्रिकेचा एक तुकडा सापडला, कडा जळलेला. त्यावर एवढंच राहिलं होतं: ‘अगत्य येण्याचे’. मी तो खिशात टाकला. आम्ही टॅक्सीत बसलो, चौपाटी आली. तेव्हा ते म्हणाले, “तुमची बशी बरोबर होती.” मी म्हटलं, “ती जाऊ दे. दुसरी चादर गेली हे बायकोला तुम्ही सांगायचं.” त्यावर हसले. थोडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दसऱ्याला, मी नवीन सदरा घातला आणि बसलो नाही. लालबागच्या नाक्यावर आपट्याची पानं घेतली, चांगली पिशवीभर. लेकीला निरोप दिला की आज तू फेरी मारू नकोस. आणि गिरगावात जाऊन ते तीन मजले चढलो, मध्ये कुठेही न थांबता. धाप लागली ती वरती पोचल्यावर. दार त्यांनीच उघडलं. नवीन सदऱ्यात होते, बटणं नीट लागलेली, म्हणजे विहीणबाईंनी लावली असणार. माझ्याकडे बघून ते बाजूलाच झाले नाहीत, नुसते दारात उभे. मी म्हटलं, सोनं घ्या. त्यांनी ओंजळ पुढे केली आणि मी पिशवी तिच्यात रिकामी केली.

हात थरथरले. पानं ओंजळीतून निसटली आणि दारापासून खुर्चीपर्यंत लादीभर झाली. विहीणबाई चहा घेऊन येत होत्या, त्या तिथेच थांबल्या. आम्ही दोघे खाली बघत राहिलो. सवय. मग ते म्हणाले, “बशी ठेवून बघा.”

मी विहीणबाईंच्या हातातल्या कपाखालची बशी काढली आणि गुडघ्यांवर बसलो. दाराशी ठेवली, खाली पान होतं. खुर्चीच्या पायाशी ठेवली, तिथेही होतं. विहीणबाई म्हणाल्या, अहो, चहा निवतोय. मी म्हटलं, थांबा, अजून खिडकीकडची बाजू राहिलीय, आणि बशी सरकवत तिकडे निघालो.